मास इफेक्ट लेजंडरी एडिशन : तिन्ही भाग सलग खेळून झाल्यावर

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये मास इफेक्ट लेजंडरी एडिशन, म्हणजे बायोवेअर कंपनीच्या अंतराळातल्या गेम-मालिकेचे तिन्ही भाग एकत्र, घेतली त्याला आता बरेच महिने झाले. एकच शेपर्ड (आपण जिची किंवा ज्याची भूमिका करतो ते मुख्य पात्र), एकच सेव्ह, मध्ये दुसरा गेम नाही, अशा पद्धतीने तिन्ही भाग संपवले आणि सध्या दुसरी शेपर्ड घेऊन पुन्हा पहिल्या भागात आहे. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर हा रिव्ह्यू ग्राफिक्स आणि कंट्रोल्सपुरताच झाला असता. मुद्दाम थांबले, कारण या मालिकेची खरी परीक्षा तिसऱ्या भागाच्या शेवटाला होते, आणि २०१२ साली रिव्ह्यूअर आणि खेळणारे यांचं जे फाटलं ते तिथेच. पुढे तिन्ही भागांची गोष्ट उघड होणार आहे. ज्यांना पहिल्यांदाच खेळायचं आहे त्यांनी सरळ शेवटच्या दोन परिच्छेदांवर जावं.

आधी वस्तूबद्दल. मे २०२१ मध्ये आलेल्या या संचात २००७, २०१० आणि २०१२ चे तिन्ही गेम एका लाँचरमध्ये मिळतात आणि जवळजवळ सगळे डीएलसी (मूळ गेमला वेगळे जोडलेले जादा भाग) त्यात आहेत. पहिल्या भागातलं पिनॅकल स्टेशन तेवढं नाही. त्याचा सोर्स कोड खराब झाल्यामुळे ते परत उभं करता आलं नाही. सगळ्यात जास्त काम पहिल्या भागावर झालंय. नेम धरणं सुधारलंय, माको गाडी आता डोंगरावर बऱ्यापैकी ऐकते, आणि लिफ्टमधला तो लांबलचक प्रवास बटण दाबून टाळता येतो. मी टाळत नाही, सोबत्यांच्या गप्पा ऐकायच्या असतात. तिसऱ्या भागातला मल्टिप्लेअर पूर्ण काढलाय, त्याचा मला उलट फायदाच झाला, त्याबद्दल पुढे. दुसरा भाग आजही तिघांत सगळ्यात घट्ट बांधलेला आहे, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

ही मालिका उभी आहे एका वचनावर: तुम्ही पहिल्या भागात जे ठरवाल त्याची फळं तिसऱ्या भागात मिळतील. सेव्ह फाइल पुढच्या भागात इम्पोर्ट होते आणि तुमचे निर्णय तिच्यासोबत जातात. हे वचन तिसऱ्या भागात किती सुंदर पाळलं गेलंय, हे क्रोगन जमातीच्या टुचांका ग्रहावर कळतं. क्रोगन जमातीवर जेनोफेज नावाचा रोग सोडलेला आहे, हजारातलं एखादंच बाळ जगतं. तो रोग बरा करायचा की बरा केल्याचं नाटक करायचं, हा निर्णय तिसऱ्या भागात येतो. पण त्याची पाळंमुळं पहिल्या भागातल्या वर्मायर ग्रहावर आहेत. तिथे रेक्स हा क्रोगन सोबती शेपर्डवर बंदूक रोखतो. त्याच्या घराण्याचं जुनं चिलखत तुम्ही आधी शोधून त्याला दिलं असेल, किंवा तुमच्याकडे बोलून पटवण्याएवढे पॉइंट्स असतील, तर तो ऐकतो. नाहीतर तिथेच मरतो. मग दुसऱ्या भागात मेलॉन या शास्त्रज्ञाचं जेनोफेजवरचं संशोधन जपायचं की पुसून टाकायचं, हे तुम्ही ठरवता. ते जपलं तर तिसऱ्या भागात ईव्ह ही क्रोगन स्त्री वाचते.

पहिल्या फेरीत माझा रेक्स जिवंत होता, ईव्हही वाचली. मॉर्डिन हा सॅलेरियन जमातीचा शास्त्रज्ञ सोबती टॉवरवर एकटा गेला, स्वतःशी ते गाणं गुणगुणत, आणि आकाशातून औषध बर्फासारखं भुरभुरत खाली आलं. दुसऱ्या शेपर्डसाठी मी वेगळं ठरवलंय: सॅलेरियन डॅलट्रासचा (त्यांच्या प्रमुख बाईचा) औषध निकामी करण्याचा सौदा मान्य करायचा. त्यात मॉर्डिन लिफ्टकडे वळतो तेव्हा पाठीत गोळी घालण्याचं बटण स्क्रीनवर चमकतं. रेक्स जिवंत असेल तर नंतर त्याला हे कळतं आणि तो सिटाडेल या अंतराळस्थानकावर शेपर्डला गाठतो. हे प्रसंग मी यूट्यूबवर पाहिलेत, तरी स्वतःच्या हाताने ते बटण दाबायचं म्हणजे पोटात गोळा येतो. कित्येक तासांपूर्वी शोधलेल्या एका चिलखतामुळे इतकं काही बदलावं, हे मला दुसऱ्या कुठल्याच मालिकेत मिळालेलं नाही.

आणि म्हणूनच बाकीच्या ठिकाणी जेव्हा हे वचन मोडतं तेव्हा ते इतकं लागतं. पहिल्या भागात नोव्हेरिया ग्रहावर रॅकनाय या कीटकांसारख्या जमातीच्या राणीला सोडायचं की मारायचं, हा मोठा नैतिक पेच होता. तिसऱ्या भागात तुम्ही तिला मारलं असलं तरी रॅकनाय शत्रू म्हणून येतातच, तिच्या जागी दुसरी उभी केलेली असते. पहिल्या भागाच्या शेवटी तुम्ही उडिनाऐवजी अँडरसनला काउन्सिलर (आकाशगंगेच्या कारभारी मंडळातला माणसांचा प्रतिनिधी) केलं असलं तरी तिसऱ्यात त्या खुर्चीवर उडिनाच असतो. दुसऱ्या भागाचा कळस म्हणजे कलेक्टर या शत्रूंचा तळ उडवायचा की ठेवायचा. तिसऱ्यात त्याचा हिशेब मुख्यतः वॉर ॲसेट्सच्या (जमवलेल्या लष्करी बळाच्या) एका आकड्यात मिटतो. दुसऱ्या भागात हेस्ट्रॉम ग्रहाचा सूर्य अकाली म्हातारा होतोय असं सांगून डार्क एनर्जीचा जो धागा सोडला होता, तो तर पुढे कुणी उचललाच नाही. पहिल्या भागाचे मुख्य लेखक ड्र्यू कार्पिशिन तिसऱ्या भागापर्यंत दुसऱ्या प्रकल्पावर गेले होते आणि लेखनाची धुरा मॅक वॉल्टर्स यांच्याकडे आली होती. हे माहीत असलं की सांधा कुठे निखळला ते दिसतं.

मग शेवट. रीपर्सना, म्हणजे सगळी प्रगत जीवसृष्टी संपवायला आलेल्या यंत्रांना, नष्ट करा, ताब्यात घ्या किंवा सगळ्या जीवसृष्टीचं यंत्रांशी मीलन करा. मार्च २०१२ मध्ये मूळ गेम आला तेव्हा या तीन वाटांची दृश्यं जवळपास सारखीच होती, लाल, निळा आणि हिरवा एवढाच ठळक फरक. टुचांकाचं, रॅनोक ग्रहाचं, कुणाचं काय झालं याचा पत्ता नाही. शेवटच्या धावेत शेपर्डसोबत असलेले सोबती नॉर्मंडी या आपल्या जहाजावर कसे पोचले याचाही नाही. मी तो भाग तेव्हाच खेळले होते आणि संपल्यावर गेम अर्धवट राहिला की काय म्हणून खरोखर पुन्हा लोड करून पाहिला. भर म्हणजे गेमचे दिग्दर्शक केसी हडसन यांनी त्याच जानेवारीत मुलाखतीत सांगितलं होतं की शेवट अमुक मिळाला की तमुक, असा ठोकळेबाज नसेल.

त्यानंतर जे घडलं ते गेमिंगच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. चाहत्यांनी ‘रीटेक मास इफेक्ट’ नावाने मोहीम काढली आणि चाइल्ड्स प्ले या धर्मादाय संस्थेसाठी ८० हजार डॉलरहून जास्त रक्कम जमवली. बायोवेअरच्या कार्यालयात चारशेच्या आसपास कपकेक पाठवले: लाल, निळे, हिरवे, आणि चव सगळ्यांची एकच. दुसरीकडे मेटाक्रिटिक या गुणांची सरासरी मांडणाऱ्या साइटवर शून्य गुण देणाऱ्यांची रीघ लागली, त्यात पहिल्याच दिवशी १० डॉलरला वेगळ्या विकलेल्या ‘फ्रॉम ॲशेस’ डीएलसीचा रागही होता. तो राग मला रास्त वाटतो. त्यातला जॅविक हा जिवंत प्रोथियन आहे, आणि ज्या जमातीच्या अवशेषांवर तिन्ही भागांची गोष्ट उभी आहे तिचा एकमेव साक्षीदार जादा पैसे मोजल्यावरच मिळावा, हे बरोबर नव्हतं. पण समीक्षकांची सरासरी काय होती? एक्सबॉक्स ३६० वर ९३. चाहते एवढे भडकलेले आणि गुण एवढे चढे, तेव्हा रिव्ह्यूअर विकले गेलेत हा निष्कर्ष लोकांनी काढला.

तो काढायला तेव्हा कारणंही होती. नेमक्या त्याच मार्च २०१२ मध्ये समीक्षक जेफ गर्स्टमन यांना पहिल्यांदा उघडपणे बोलता आलं. केन अँड लिंच या गेमला १० पैकी ६ गुण दिल्यानंतर २००७ मध्ये गेमस्पॉट या रिव्ह्यू साइटमधून त्यांना काढलं गेलं होतं, आणि त्या वेळी त्याच गेमच्या जाहिराती साइटवर झळकत होत्या. त्याच महिन्यात ऑब्सिडियन या गेम कंपनीच्या ख्रिस ॲव्हेलोन यांनी सांगितलं की त्यांच्या फॉलआउट न्यू व्हेगस या गेमचा बोनस मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तरच मिळणार होता. गेम ८४ वर अडकला. म्हणजे रिव्ह्यूच्या आकड्यावर लोकांचे पगार-बोनस ठरतात, आणि कमी आकडा देणाऱ्याची नोकरीही जाऊ शकते. त्यात मास इफेक्ट ३ मध्ये डायना ॲलर्स ही युद्धवार्ताहर होती आयजीएन या गेम-साइटच्या निवेदिका जेसिका चोबॉट. आयजीएनचा रिव्ह्यू त्यांनी लिहिला नव्हता. पण जिथे निवेदिका गेममध्ये आणि रिव्ह्यू साइटवर, तिथे वाचकाने शंका घेतली तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत.

एवढं सगळं असूनही, तिन्ही भाग सलग खेळल्यावर माझं मत असं झालंय की मास इफेक्ट ३ चे ते रिव्ह्यू विकलेले नव्हते. टुचांका आणि रॅनोक खेळलेल्या माणसाने नव्वदीच्या पुढे गुण द्यावेत, इतका हा गेम बहुतांश चांगला आहेच. घोळ दुसरीकडे आहे. रिव्ह्यूअरला गेम काही दिवस आधी मिळतो, ठरलेल्या तारखेपर्यंत गप्प राहायचं असतं, आणि तीस-चाळीस तासांचा गेम रात्री जागून संपवायचा असतो. तो त्या गेमला गुण देतो. चाहता मात्र पाच वर्षांचा हिशेब मागत असतो. ज्याने पहिल्या भागापासून स्वतःची सेव्ह जपली आहे, त्याच्यासाठी शेवटची दहा मिनिटं ही एकूण गेमचा अर्धा टक्का नसतात, सगळं त्यांच्यासाठीच चाललेलं असतं.

शेवट फोडायचा नाही, हा नियम मलाही मान्य आहे. पण ‘तुमचे जुने निर्णय शेवटात फारसे दिसणार नाहीत’ एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर गोष्ट कुठेही फुटत नव्हती. मी त्या वेळी वाचलेल्या रिव्ह्यूंमध्ये ते वाक्य नव्हतं. माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती आजही कायम आहे. वर, चाहत्यांनी आवाज उठवल्यावर काही समीक्षकांनी त्यांना लाडावलेले, डोक्यावर बसलेले ग्राहक म्हटलं. विश्वास खरा तुटला तो गुणांपेक्षा त्या शब्दांनी, असं मला वाटतं. जून २०१२ मध्ये मोफत एक्स्टेंडेड कट आला. त्यात उपसंहार आला, नॉर्मंडीचा खुलासा आला, तिन्ही वाटा नाकारण्याचा चौथा पर्यायही आला. मूळ शेवट बदलला नाही, पण स्पष्टीकरण कमी पडलं होतं हे बनवणाऱ्यांनीच त्यातून मान्य केलं. समीक्षकांपैकी कितींनी केलं?

लेजंडरी एडिशनमध्ये हा एक्स्टेंडेड कट मुळातच आहे. शिवाय पूर्वी मल्टिप्लेअर खेळला नाही तर सैन्यतयारीची टक्केवारी ५० वरच अडकायची. ती भानगड आता नाही, एकट्याने नीट खेळलेल्या गेमचं पूर्ण माप पदरात पडतं. तरीही शेवट मला अजून पटत नाही. फक्त आता तो खटकतो, चीड येत नाही.

या अनुभवानंतर सिक्वेलचे रिव्ह्यू मी वेगळ्या पद्धतीने वाचते. आकडा पाहतच नाही. लिहिणाऱ्याने आधीचे भाग खेळलेत का, जुनी सेव्ह आणली होती का, त्याला त्या मालिकेतलं नेमकं काय आवडत होतं, हे पहिल्या काही ओळींत सापडलं तर पुढे वाचते. माझ्याशी मत न जुळणारा पण आवडनिवड मला पक्की ठाऊक असलेला रिव्ह्यूअर मला जास्त उपयोगी पडतो; त्याला कंटाळवाणं वाटलं की बहुतेक वेळा मला ते आवडतं. स्टीमवर प्रत्येक रिव्ह्यूशेजारी खेळलेले तास दिसतात, ते बघतेच. कारण आपल्याकडे नवा कन्सोल गेम चार-पाच हजारांना पडतो, आणि स्टीमचा परतावाही घेतल्यापासून चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच हमखास मिळतो. सिक्वेलचं दुखणं दोन तासांत कधीच कळत नाही.

आता ज्यांना घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. घ्या, आणि पहिला भाग जुना दिसतो म्हणून वगळू नका. पुढच्या दोन भागांची सगळी किंमत त्यात आहे. सोबत्यांच्या छोट्या मोहिमा पूर्ण करा, कितीही किरकोळ वाटल्या तरी. डिस्कवर साधारण १२० जीबी जागा मोकळी ठेवा. स्टीमवर घेतलं तरी प्रकाशक ईएचं ॲप लागतं. इंग्रजी सबटायटल्स सुरू ठेवा, कारण जमातींची, ग्रहांची नावं सुरुवातीला डोक्यावरून जातात. स्त्री शेपर्ड घेतलीत तर जेनिफर हेल यांचा आवाज मिळेल, माझ्या मते तो या मालिकेचा अर्धा प्राण आहे.

तिसऱ्या भागात ‘लेव्हायथन’ डीएलसी लवकर खेळा, त्याने शेवट बराच कमी आगंतुक वाटतो. ‘ओमेगा’ लढाया आवडत असतील तरच. आणि ‘सिटाडेल’ डीएलसी सेर्बेरस या शत्रू संघटनेच्या तळावर जाण्याआधी अगदी शेवटी ठेवा, तोवर जितके सोबती जिवंत असतील तितके सगळे त्यात पार्टीला येतात. त्या पार्टीत सगळ्यांशी दोन-दोन वेळा बोला, दुसऱ्यांदा बोलणं वेगळं असतं.