मूठ एक नंबर, पण पात्याचं काय?

हा चाकू चार महिने वापरला, आता बोलतो. फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणारा, पातं 10 सेमी लांब, 5 मिमी जाड, डी2 नावाचं टूल स्टील, फुल टँग (पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग), मायकार्टाची मूठ, चामड्याचं म्यान. मेकरचं नाव लिहीत नाय, भांडण करायचं नाहीये, पण खटकलं ते सांगणारच.

आधी मूठ, कारण ती खरंच जमलीय. मायकार्टा म्हणजे कापडाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेलं, ते याने चकाचक पॉलिश न मारता जरा खरबरीत ठेवलंय, त्यामुळे हात ओला असला तरी पकड सुटत नाही. तासभर लाकूड तासत बसलो तरी तळहाताला फोड नाही. टँग आणि मुठीच्या सांध्यावरून नख फिरवा, कुठेच अडकत नाही. इथे पैकीच्या पैकी.

आता पातं. भाऊ, 5 मिमी कशाला? पहार आहे का ती? व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला तर धारेच्या लगेच मागे 1 मिमीच्या वर भरलं, अर्धा-पाऊण मिमी पुष्कळ झालं असतं. हातावरचे केस उडतात म्हणजे धार आहे, पण लाकडात घातला की पाचरीसारखा फाडत जातो, पातळ छिलका काढायला गेलो की ढलपीच निघते. मोरा या स्वीडिश कंपनीचा तो साधा प्लास्टिक मुठीचा कम्पॅनियन चाकू, पातं जेमतेम अडीच मिमी, फुल टँगपण नाही, तो लाकडात कसला सरसर जातो! आणि पात्याच्या पाठीच्या कडा गोल केल्यात, फेरो रॉडवर (आग पेटवायची ठिणगीची कांडी) घासून ठिणगीच पडत नाही.

हार्डनेसची वेगळीच गंमत. बॉक्सवर डी2 मोठ्ठ्या अक्षरात, रॉकवेल, म्हणजे कडकपणाचा आकडा, किती ते कुठेच नाही. मेसेज करून विचारलं तर उत्तर आलं, "एकदम हार्ड आहे सर". अहो 58 ला ठेवलंय की 61 ला, तेच तर विचारतोय! स्टीलचं नाव कोणीही छापतं, त्याला पाणी कसं दिलं, टेंपर (पाणी दिल्यावर परत तापवणं) किती तापमानाला केलं, त्यावर ठरतं धार टिकणार की तिचे टवके उडणार. बरं, काम चांगलं केलंय हो याने, ढीगभर पुठ्ठ्याचे खोके फाडले तरी धार होती आणि टवका एकही नाही, मग आकडा सांगायला काय जातं?

वर जाहिरातीत "कधीच गंजत नाही". डी2 मध्ये क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असतं खरं, पण कार्बन दीड टक्का, तो बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये (कार्बन-क्रोमियमचे कडक कण) अडकवून टाकतो, उरतं ते गंज अडवायला पुरत नाही. तीन आठवडे म्यानात पडून होता, काढला तर पाठीजवळ नारिंगी ठिपके. चामडं ओल धरतंच. तेलाचा हात मारून ठेवा एवढं लिहिलं असतं तरी बास होतं.

म्यानाबद्दल काय बोलू, उलटं केलं की चाकू सटकन खाली, पाय थोडक्यात वाचला. शिलाईच्या आत चामड्याची पट्टीच घातलेली नाही, त्यामुळे आत सारताना धार थेट दोऱ्यावर, तीन टाके आत्ताच तुटलेत.

शेवटी रोज संध्याकाळी खरखरीत दगडावर घासत बसलो आणि आठवड्याभरात धारेमागची जाडी उतरवली. आता छिलका गोल वळून निघतो, लोगो अर्धा घासला गेला तेवढं चालतंय. तीन स्टार, त्यातले दोन मुठीचे.