बूस्ट कंट्रोलर: नऊ महिने, अकरा हजार किलोमीटर, चोर्ला आणि तवंदी

गाडी २०१६ ची अबार्थ पुंटो, पासिंग केए-२२. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, कंपनीतून १४५ बीएचपी आणि २१२ एनएम. आपल्या रांजणगावच्या कारखान्यात बांधलेली. माझ्याकडे आल्यावर मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा), मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि पुण्याहून करून घेतलेला रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं बदललेलं सेटिंग, एवढं झालं. गेल्या गणपतीनंतर इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर बसवला. बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा जादा दाब, आणि तो किती चढू द्यायचा ते हा कंट्रोलर ठरवतो. मधल्या काळात गाडी बेळगाव-कोल्हापूर हायवेला, चोर्ला घाटाने गोव्याला आणि उन्हाळ्यात अथणीपर्यंत फिरली. ‘किती बूस्ट मारतोस?’ असं जो तो विचारतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी थोडं मागचं. त्याआधीच्या डिसेंबरात मी हाताने फिरवायचा कंट्रोलर लावला होता. पितळेची छोटी नळी, आत गोळी आणि स्प्रिंग. उद्यमबागेत मामांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर मीच तो करून घेतला. मामांनी विचारलं, “काय करूलालास रे?” मी म्हटलं, “मामा, टर्बोला थोडं जास्त फुंकायला लावायचंय.” ते म्हणाले, “जास्त फुंकेल ते बरोबर. थांबायचं कुठं, ते कोण सांगणार त्याला?” त्यांचा सगळा जन्म हायड्रॉलिक व्हॉल्व्ह करण्यात गेलाय, त्यामुळे दाबाच्या बाबतीत त्यांची शंका मी हसण्यावारी न्यायला नको होती. १ बारला सेट केलेला तो कंट्रोलर थंडीतल्या पहाटे क्षणभर १.३ पर्यंत उसळायचा. हवा गार म्हणजे घट्ट, टर्बो पटकन भरतो आणि स्प्रिंग-गोळीला सावरायला वेळ मिळत नाही. दोनदा इंजिनचा दिवा लागला, कोड पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट. गाडीने स्वतःच ताकद कापली. तीन आठवड्यांत तो काढून ठेवला.

नव्यांसाठी सांगतो, हे यंत्र टर्बोला हातच लावत नाही. एक्झॉस्टचा वायू टर्बाइन फिरवतो, आणि जास्तीचा वायू बाजूने सोडून द्यायला वेस्टगेट नावाची झडप असते. ॲक्च्युएटरची स्प्रिंग ती झडप बंद धरते. बूस्टचा दाब एका बारक्या पाइपातून ॲक्च्युएटरवर आला की झडप उघडते. कंट्रोलर त्या पाइपात बसतो आणि ॲक्च्युएटरपर्यंत खरा दाब पोचू देत नाही. त्यातला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप, सेकंदाला अनेकदा उघडझाप करून काही हवा बाहेर सोडतो, झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो. वीज गेली तर सोलेनॉइड मोकळा होतो आणि गाडी नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर येते. माझ्या गाडीत तो ०.६ बार भरतो. इलेक्ट्रॉनिक घ्यायचं मुख्य कारण माझ्यासाठी हेच होतं.

बसवल्यावर पहिला फरक आकड्यात दिसला नाही, पायाला कळला. आधी बूस्ट गेजचा काटा उसळून खाली यायचा, आता ०.९ वर जातो आणि चार हजार आरपीएमच्या पुढेही तिथेच राहतो. ॲक्सिलरेटर अर्धा दाबला तर अर्धीच ताकद येते. तवंदी घाट चढताना पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे व्होल्वो अशा वेळी गाडी पायाच्या हिशेबात चालणं फार मोलाचं.

गिअरप्रमाणे बूस्ट ठरवायची सोय मला आधी चैन वाटली होती. परतीच्या पावसात जांबोटीच्या रस्त्यावर मत बदललं. ओल्या डांबरावर दुसऱ्या गिअरमध्ये पुढच्या चाकांची पकड सुटायची आणि स्टिअरिंग हातातून ओढलं जायचं. आता पहिल्या गिअरला ०.६, दुसऱ्याला ०.७५, तिसऱ्यापासून ०.९. सुटणाऱ्या चाकांवर जी ताकद वाया जायची, ती आता रस्त्याला लागते. घ्यायचाच असेल तर हे असलेलंच मॉडेल घ्या.

आता आमच्या भागापुरता खास मुद्दा, जो कुठल्याही मॅन्युअलमध्ये मला सापडला नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. इथे हवेचा स्वतःचा दाब ०.९३ बारच्या आसपास, पणजीत १.०१. बूस्ट गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब. म्हणजे गेजवर तेच ०.९ असलं तरी इंजिनात जाणारा एकूण दाब बेळगावात १.८३ आणि गोव्यात १.९१. त्यात खालची हवा दमट आणि गरम. एप्रिलमध्ये साखळीच्या पुढे सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि वाळूचे खडे डब्यात हलवल्यासारखा आवाज आला. नॉकिंग, म्हणजे इंधन वेळेआधी आपोआप पेटणं. ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या जोडणीवर, बघितलं तर आत जाणारी हवा ६० अंशांवर. नॉक सेन्सरमुळे ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं गेलं, मी लगेच पाय काढला, पुढे काही झालं नाही. पण बेळगावात महिनोन्महिने बिनतक्रार चाललेलं सेटिंग दोन तासांच्या अंतरावर चुकीचं ठरू शकतं, हे त्या दिवशी कळलं.

उलट बाजूही आहे. वरच्या विरळ हवेत तोच गेजचा आकडा गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. त्यामुळे ‘उंचीवर हवा कमी, मग बूस्ट वाढव’ हा सल्ला छोट्या टर्बोला मारक आहे. तो आपल्या मर्यादेबाहेर फिरतो आणि ताकदीऐवजी गरम हवा देतो. मी १.१ लावून बघितलं. पाच हजार आरपीएमच्या पुढे गाडी ०.९ पेक्षा वेगळी वाटली नाही, फक्त हवेचं तापमान वाढलं.

पेट्रोल ९५ ऑक्टेनचंच भरतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची तक्रार बरेच जण करतात. चिकोडी-रायबागच्या उसाच्या पट्ट्यात राहून मला त्याचा राग येत नाही; इथेनॉल नॉकिंगला आवर घालतं आणि वाफ होताना आत जाणारी हवा थंड करायला मदत करतं. मात्र त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, त्यामुळे जुन्या मॅपवर गाडी पूर्ण बूस्टला पातळ, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालण्याचा धोका असतो. माझा मॅप त्यासाठी पुन्हा दुरुस्त करून घ्यावा लागला. हायवेला ॲव्हरेज १४ वरून १२.५ वर आलं.

फेब्रुवारीतला प्रसंग सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. निपाणीकडून येताना घाटात काटा ०.९ ओलांडून वर चढत गेला, कंट्रोलरचा बझर वाजला आणि इंजिनने ताकद कापली. बॉनेट उघडलं तर ॲक्च्युएटरकडे जाणारा बारका पाइप टर्बाइनच्या धगीने कडक होऊन निपलवरून (पाइप अडकवायच्या तोंडावरून) निघालेला. पाइपच निघाल्यावर झडपेला उघडायचा निरोपच मिळत नाही. कंट्रोलरने सोलेनॉइड पूर्ण सोडला तरी उपयोग शून्य. त्याची सुरक्षा विजेच्या बिघाडापुरती आहे, पाइपच्या नाही. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, इंजिन वाचवलं, कारण रिमॅप करताना ओव्हरबूस्टची मर्यादा मी काढू दिली नव्हती. जे लोक ती काढून टाकायला सांगतात, त्यांच्याकडे गाडी देऊ नका. नंतर जाड सिलिकॉन पाइप, दोन्ही टोकांना क्लिप, वर उष्णतारोधक स्लीव्ह आणि उद्यमबागेत केलेलं खाचेचं पितळी निपल. पाइपचा मार्गही टर्बाइनपासून हातभर लांब घेतला. तेव्हापासून दर महिन्याला त्या क्लिपा बोटाने फिरवून बघतो.

खर्च फिटिंगसह चाळीस हजारांच्या आत झाला. प्लग दहा हजार किलोमीटरला बदलतो आणि गॅप थोडी कमी ठेवतो, नाहीतर पूर्ण बूस्टला मिसिंग येतं, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळतं. क्लच मूळचाच आहे, चौथ्या गिअरमध्ये अजून घसरलेला नाही. कायद्याची बाजूही डोळ्यांआड करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि इन्शुरन्सला न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडू शकतो.

कंट्रोलरच्या दोन मेमरी मी अशा ठेवल्यात: एकीत ०.९, दुसरीत ०.७५. गोव्याला निघालो की कणकुंबीला चहासाठी थांबतो, तिथेच दुसरी मेमरी लावतो, आणि परत घाट चढून आल्यावर त्याच टपरीसमोर पहिली.