एनजीओच्या शिक्षणासाठी निर्मला निकेतन, नगरचं सीएसआरडी की रांचीचं झेवियर?

ग्रॅज्युएशन झालंय, एनजीओ लाईनमध्येच जायचं हे नक्की आहे, घरचे अजून "पण त्यात पगार काय मिळतो" यावरच अडकलेत आणि तुम्ही तीन प्रॉस्पेक्टस उघडून बसलाय, अशांसाठी हे लिहितोय. मुंबईचं निर्मला निकेतन, नगरचं (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) सीएसआरडी (सेंटर फॉर स्टडीज इन रूरल डेव्हलपमेंट) आणि रांचीचं एक्सआयएसएस (झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सर्व्हिस), तिन्ही ख्रिश्चन संस्थांची. लोक तिन्हींना एकाच रांगेत बसवतात, "मिशनरी कॉलेज आहे, शिस्त असते" वगैरे, आणि गल्लत तिथेच होते, कारण पहिल्या दोन ठिकाणी एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स डिग्री होते आणि रांचीला मिळतो रूरल मॅनेजमेंटचा पीजीडीएम, म्हणजे मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा. दोन्ही करून लोक एनजीओतच जातात पण वेगवेगळ्या खुर्चीत बसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वस्तीत, गावात, हॉस्पिटलमध्ये थेट माणसांबरोबर काम करायचं असेल तर एमएसडब्ल्यू. प्रोजेक्ट, बजेट, फंड, स्टाफ हे सांभाळायचं असेल, म्हणजे पुढेमागे संस्थाच चालवायची असेल, तर रांची. आणि एमएसडब्ल्यू ठरलं की मग मुंबई का नगर हा प्रश्न उरतो, त्याचं उत्तर कॉलेजच्या नावात शोधू नका, फील्डवर्कमध्ये शोधा.

निर्मला निकेतन १९५५ चं, न्यू मरीन लाइन्सला, मुंबई युनिव्हर्सिटीशी जोडलेलं. चालवतात डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या सिस्टर्स. हा संघ फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९० मध्ये स्थापन झाला, आणि या सिस्टर्स झगा घालतच नाहीत, साध्या कपड्यात असतात, त्यामुळे समोरच्या मॅडम सिस्टर आहेत हे नवीन पोरांना कळतही नाही. मुंबईत असल्याचा फायदा उघड आहे, झोपडपट्टी, बालहक्क, कोर्ट, हॉस्पिटल, कंपन्यांची सीएसआर (सामाजिक कामाला पैसा देणारी) ऑफिसं, सगळं लोकलच्या अंतरावर. शहरी गरिबांच्या घरांसाठी भांडणारी 'युवा' ही संस्था १९८४ मध्ये याच कॉलेजच्या आधाराने सुरू झाली. तोटाही उघड आहे, राहायची सोय. हॉस्टेल किंवा पीजीचा खर्च धरला की "एमएसडब्ल्यू स्वस्त असतं" हे वाक्य मुंबईत फारसं खरं राहत नाही.

सीएसआरडी त्यामानाने कमी लोकांना माहितीये आणि मला वाटतं ते अन्याय आहे. अहमदनगर कॉलेज १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी काढलं, त्यांच्याच नावाच्या बीपीएचई सोसायटीचं हे सेंटर, एमएसडब्ल्यू पुणे विद्यापीठाचं. नगरला मिशनचा इतिहास जुना आहे, अमेरिकन मराठी मिशनने इथे १८३१ मध्येच ठाण मांडलं होतं. पण इतिहास बाजूला ठेवा, आत्ता तुमच्या कामाचा आहे तो नगर जिल्हा. ज्याला ग्रामीण काम शिकायचंय त्याच्यासाठी इतका माल एका जिल्ह्यात क्वचितच सापडेल. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला आरोग्य प्रकल्प, गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं, आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी आहेतच. फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ), पाणलोटाचं काम त्यांनी याच भागात उभं केलं, त्यातून पुढे वॉटर म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट १९९३ मध्ये झाली. शहरातलं काम बघायचं तर देहविक्रीतल्या बायका आणि त्यांच्या मुलांसाठी काम करणारं स्नेहालय आहे. यातल्या सगळीकडे तुम्हाला फील्डवर्कची प्लेसमेंट लागेल असं मी म्हणत नाहीये, पण सुट्टीच्या दिवशी एसटीने जाऊन बघता येतं, ही चैन मुंबईच्या पोरांना नाही.

आता रांची. एक्सआयएसएस पण १९५५ चंच, जेझुइटांचं. झारखंडमध्ये आदिवासी, खाण, जंगल, विस्थापन हे विषय दारातच आहेत. प्रवेशाला झॅट, कॅटसारख्या मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर लागतो, म्हणजे गणित आणि इंग्रजीची तयारी आलीच. फी मॅनेजमेंटच्या कोर्ससारखी, लाखांत. एज्युकेशन लोन काढणार असाल तर एक गणित आधी मांडा, छोट्या एनजीओतल्या पहिल्या पगारात तो हप्ता बसत नाही, त्यामुळे मनात असो नसो पोरं सीएसआर, मायक्रोफायनान्स नाहीतर मोठ्या फाउंडेशनकडे वळतात. वाईट काही नाही त्यात, फक्त "मी खेड्यात जाऊन काम करणार" असं म्हणून कर्ज काढू नका.

अभ्यासातला खरा फरक कागदांच्या बाबतीत आहे, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही म्हणून जरा सविस्तर. महाराष्ट्रात संस्था चालवायची म्हणजे काय काय असतं बघा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, दरवर्षी ऑडिट. देणगीदाराला टॅक्समध्ये सूट द्यायची तर ८०-जी, स्वतःचं उत्पन्न करमुक्त ठेवायचं तर बारा-ए, आणि हे दोन्ही आता कायमचे मिळत नाहीत, मुदत संपली की रिन्यू करायचे. कंपनीचा सीएसआर हवा असेल तर सीएसआर-वन फॉर्म भरलेला पाहिजे, मग युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, ज्यात २०२० च्या दुरुस्तीनंतर खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच लागतं, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत (आधी ५० होता), आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. या शेवटच्या नियमाने गावपातळीवरच्या कितीतरी लहान संस्थांचं पाणीच तोडलं. एमएसडब्ल्यूला सोशल वेल्फेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा पेपर असतो खरा, पण तो थिअरीकडे झुकतो असं माझं मत. रूरल मॅनेजमेंटमध्ये अकाउंट्स, फायनान्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट हे मुख्य विषय म्हणून येतात. एमएसडब्ल्यूच घेणार असाल तर फील्डवर्कच्या संस्थेत अकाउंटंट दादांशी ओळख वाढवा, मार्चएंडला त्यांच्याशेजारी बसा, वर्गात जे मिळत नाही ते तिथे मिळेल.

बरं, धर्माचं काय? हा प्रश्न घरचे हमखास विचारतात आणि पोरं लाजून विचारत नाहीत. राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. एमएसडब्ल्यूचा सिलॅबस विद्यापीठाचा, त्यात बायबल नाही. ख्रिसमसचा कार्यक्रम असेल, प्रार्थनेने एखादी सभा सुरू होईल, तेवढंच. अल्पसंख्याक संस्थेत काही जागा त्या समाजासाठी राखीव असू शकतात, ते त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये नीट वाचा म्हणजे मेरिट लिस्ट बघून डोकं फिरणार नाही. गंमत म्हणजे ज्या टिसला (मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सगळे धर्माशी संबंध नसलेली संस्था म्हणून ओळखतात, ती १९३६ मध्ये टाटा ट्रस्टच्या पैशाने सुरू झाली तेव्हा पहिले डायरेक्टर क्लिफर्ड मॅन्शार्ट होते, अमेरिकन मराठी मिशनचेच.

अमेरिकेतल्या ख्रिश्चन कॉलेजांची गोष्ट निराळी. इलिनॉयमधलं व्हीटन घ्या, तिथे कम्युनिटी कव्हनंट मान्य करावा लागतो, म्हणजे श्रद्धा आणि वागणूक दोन्हींबद्दल लेखी कबुली. आस्था असेल तर उत्तम, नसेल तर दोन वर्षं घुसमट होईल. आणि शिकवतात तिथला कायदा, तिथला टॅक्स, तो नाशिकच्या ट्रस्टला काय उपयोगाचा? वर नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट सहसा स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांत) धरत नाहीत, त्यामुळे ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी, बारा महिन्यांचं, पुढची दोन वर्षं वाढवून मिळत नाहीत. भारतात परत यायचं असेल तर माझ्याकडून स्पष्ट नाही.

नोकरीचं थोडक्यात. हॉस्पिटलमधल्या मेडिकल सोशल वर्करच्या जागांना एमएसडब्ल्यू विचारतात, तिथे पीजीडीएम घेऊन गेलात तर फाइल मागे येण्याची शक्यता जास्त. सोशल वर्कमध्ये नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देऊन शिकवायचं असेल तरी एमएसडब्ल्यूच बरं. ख्रिश्चन कॉलेजमधून निघालं की ख्रिश्चन संस्थांमध्ये आपोआप नोकरी लागते हा समज मात्र सोडा. कॅरिटास (कॅथलिक चर्चची समाजकार्य संस्था) वगैरे मोठं जाळं आहे, ओळखी होतात, पण परदेशी निधीवरच्या संस्थांचे दिवस अवघड आहेत, २०२१ च्या ख्रिसमसला मिशनरीज ऑफ चॅरिटीचं एफसीआरए नूतनीकरण नाकारलं गेलं होतं, पुढच्या जानेवारीत परत मिळालं, मुलांसाठी काम करणाऱ्या वर्ल्ड व्हिजन या ख्रिश्चन संस्थेचं तर २०२४ मध्ये रद्दच झालं. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी विचारा की पैसा कुठून येतो आणि प्रोजेक्ट किती वर्षांचा आहे.

एवढं वाचूनही ठरत नसेल तर दोन्ही दारं उघडी ठेवता येतात. झॅट जानेवारीच्या सुरुवातीला असते, एमएसडब्ल्यूचे प्रवेश साधारण त्यानंतर उन्हाळ्याच्या सुमारास असतात. जानेवारीत परीक्षा देऊन टाका, स्कोअर बघा, आणि मधल्या महिन्यांत जवळच्या एखाद्या संस्थेत जाऊन फुकट काम करा. वस्तीतल्या बैठकीत जास्त रमताय की प्रपोजल लिहिताना, ते मे महिन्यापर्यंत कळतंच.