अनुभवावर नऊ पेपर माफ? पैसे भरण्याआधी हे वाचा

वय 41, बीकॉम, चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सला 17 वर्षं. सीए इंटरला दोनदा बसून सोडलं होतं आणि ते मनात सलत होतं. गेल्या वर्षी एसीसीएची, म्हणजे ब्रिटनमधल्या संस्थेच्या अकाउंटन्सी परीक्षेची, एका क्लासची जाहिरात दिसली, मी नंबर टाकला. दहा मिनिटांत क्लासच्या मॅडमचा फोन. "सर, पेपर तेरा असतात, पण तुमच्या अनुभवावर नऊ माफ होतील. उरले चार. वर्षभरात ऑडिटवर तुमची सही."

यातलं 'पेपर तेरा' एवढंच खरं होतं. अनुभवावर एकही पेपर माफ होत नाही. सूट मिळते ती शिक्षणावर, आणि ती द्यायची की नाही हे एसीसीए संस्था ठरवते, क्लास नव्हे. माफ झालेल्या पेपरचीही फी लागते. अनुभवाची 36 महिन्यांची अट आहे, पण ती सभासदत्वासाठी. आणि सहीचं म्हणाल तर 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे आपल्याकडे कंपनीचा ऑडिटर फक्त चार्टर्ड अकाउंटंटच होऊ शकतो. नुसत्या एसीसीएवर ती सही होत नाही.

हे सगळं मला पैसे गेल्यावर कळलं.

28 मार्चची संध्याकाळ होती. वर्षअखेरचं क्लोजिंग चालू, समोर येणेकऱ्यांची यादी, आणि मॅडम फोनवर, "सर, आजच्या आज सीट घेतली तरच नो-कॉस्ट हप्ते. एक ओटीपी येईल, तेवढा सांगा." फोन खांद्याला धरून मी सहा आकडे वाचून दाखवले. त्या मेसेजच्या दुसऱ्याच ओळीत 'कर्ज करार' असं लिहिलेलं होतं. फी म्हणून मी जे समजत होतो ते माझ्या नावावरचं कर्ज होतं. 7,700 चे 24 हप्ते. पैसे फायनान्स कंपनीकडून थेट क्लासला गेले.

दोन महिने रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आले, मग फोन उचलणंच बंद. 'पास नाही तर पैसे परत' या हमीखाली बारीक अक्षरांत अटी होत्या: 90 टक्के हजेरी, सगळ्या सराव परीक्षा, पहिल्याच वेळी सगळे पेपर. शिकवणीच बंद पडली तर हजेरी लावायची कुठे? क्लास बंद झाला तरी हप्ता काही थांबला नाही. फायनान्सवाले म्हणाले, तुमचा वाद क्लासशी आहे. हप्ता चुकवला तर सिबिल खराब होणार, आणि आमचं घराचं कर्ज टॉप-अपला, म्हणजे त्यावर वाढीव कर्ज मिळावं म्हणून, लावलेलं.

तुम्हाला एसीसीए करायचंच असेल तर जरूर करा, परीक्षा चांगली आहे. पण आधी संस्थेच्या साइटवर स्वतःची पदवी टाकून किती पेपर माफ होतात ते बघा, फुकट दिसतं. आणि असा ओटीपी कुणी कालच दिला असेल तर आजच कर्जाचं पत्रक उघडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जात विचार बदलायला थोडी मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि झालेलं व्याज भरून बाहेर पडता येतं. माझी ती मुदत क्लोजिंगच्या धावपळीतच संपली. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली आहे. हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला कापला जातो.