रॉकिंग ग्रेट: बरेच महिने वापरल्यावरचं मत

रॉकिंग ग्रेट म्हणजे बॉयलरच्या भट्टीत ज्यावर कोळसा जळतो ती, लिव्हरनं हलवता येणारी जाळी. आमची जाळी चांगली आहे आणि आम्ही ती ठेवणार आहोत. मात्र माहितीपत्रकात जिचं सगळ्यात जास्त कौतुक असतं, ती ‘एका झटक्यात आग साफ’ करायची सोय आम्ही आता क्वचितच वापरतो. या जाळीचं खरं मोल तिच्या छोट्या हेलकाव्यात आहे. तो छोटा हेलकावा महिनोन् महिने छोटाच राहील, आणि दर वेळी जाळीचे बार पुन्हा सपाट येऊन बसतील, इतकी काळजी डिझाइन करणाऱ्यानं घेतली आहे की नाही, एवढंच बघून घ्या. बाकी रंगरंगोटी.

आधी आमच्याकडे स्थिर बारांची जाळी होती. हातानं कोळसा मारायचा, मध्येच लाकडाचे तुकडे. स्थिर जाळीवर आग साफ करायची पद्धत जुनीच: दार उघडायचं, चांगला निखारा एका बाजूला ढकलायचा, दुसऱ्या बाजूचा क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, सळईनं उचकटायचा, खोऱ्यानं ओढून काढायचा, मग हीच कसरत उलट बाजूनं. तेवढा वेळ दार उघडं. गार हवा थेट भट्टीत शिरते, ट्यूब प्लेटला, म्हणजे बॉयलरच्या नळ्या जिच्यात बसवलेल्या असतात त्या प्लेटला, थंडीचा दणका बसतो, वाफेचा दाब उतरतो आणि फायरमन भाजून निघतो. रॉकिंग ग्रेट आल्यापासून दार फक्त कोळसा मारायला आणि आग बघायला उघडतं. एवढ्या एका गोष्टीसाठी आमच्या पाळीतला कोणीही जुनी जाळी परत मागणार नाही.

रचना कागदावर सोपी आहे. बारांच्या आडव्या रांगा, प्रत्येक रांग आपापल्या शाफ्टवर. प्रत्येक शाफ्टला खाली एक आर्म, सगळे आर्म एका लिंकनं जोडलेले, लिंकचं टोक भट्टीबाहेरच्या लिव्हरला. लिव्हर ओढला की सगळ्या रांगा एकाच वेळी, एकमेकींना समांतर राहून झुकतात, काचपट्ट्यांच्या खिडकीसारख्या. फरक इतकाच की इथे पट्ट्यांना बोटं असतात आणि एका रांगेची बोटं शेजारच्या रांगेच्या बोटांमध्ये अडकून बसतात. रांग झुकली की एका बाजूची बोटं वर उठून राखेचा थर खालून फोडतात आणि दुसऱ्या बाजूला राख घसरायला वाट होते.

लिव्हरला दोन टप्पे आहेत. पहिल्यात अडकवणारा खटका असतो, तेव्हा जाळी थोड्याच अंशांत हलते. खटका काढला की पूर्ण झुकते आणि वरचं सगळं खाली जातं. ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश रेल्वेच्या १९५१ पासूनच्या स्टँडर्ड वाफेच्या इंजिनांवरही रॉकिंग ग्रेटला असेच दोन टप्पे होते: गाडी चालू असताना क्लिंकर मोडायला छोटी हालचाल, आणि शेडमध्ये आल्यावर आग पाडायला पूर्ण हालचाल.

छोटा हेलकावा इतका महत्त्वाचा का, ते क्लिंकर कसा होतो त्यावरून कळतं. बहुतेक कोळशांची राख साधारण ११०० ते १४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडून वितळू लागते. राखेत लोह असेल आणि भोवती ऑक्सिजन कमी असेल तर आणखी लवकर. जाळीला टेकलेली राख खालून येणाऱ्या हवेमुळे गार असते, म्हणून ती मोकळी राहते. तीच राख जोरात ढवळून वरच्या पेटत्या थरात नेली की वितळते, निखाऱ्यांना चिकटते आणि थोड्या वेळात ताटाएवढी चकती तयार. म्हणजे जास्त हलवलं तर ज्या क्लिंकरसाठी जाळी हलवायची तोच वाढतो. नवीन माणूस पाळीवर आला की पहिले काही दिवस हेच करतो. लिव्हर हातात आला की हलवावासा वाटतोच.

दुसरं कारण बारांचं स्वतःचं. जाळीवर तीन-चार बोटं जाडीचा राखेचा थर असेल तर बारांना निखाऱ्याची थेट धग लागत नाही. पूर्ण झुकवून थर साफ केला की नागडे बार लाल आगीखाली येतात. आम्ही आता पाळीत काही वेळा हलके दोन-तीन हेलकावे देतो आणि खाली राख पडताना बघतो. करडी राख पडतेय तोवर ठीक, लाल ठिणग्या दिसू लागल्या की थांबायचं. पूर्ण झुकवणं फक्त आग काढायच्या वेळी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते, म्हणजे लिंक. आमच्या जाळीला मुळात रांगेगणिक छोट्या लिंका होत्या: पहिल्या रांगेचा आर्म दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. नवी असताना झकास चालायची. पिना झिजायला लागल्या तसं लिव्हरजवळच्या रांगा नेहमीसारख्या हलत राहिल्या आणि मागच्या रांगा सुस्तावल्या. हिशेब साधा आहे. प्रत्येक लिंकमागे अर्धा मिलिमीटर ढिलाई धरली तर आठव्या रांगेपर्यंत सात लिंकांची मिळून साडेतीन मिलिमीटर होते. आर्म १५० मिलिमीटरचा आणि बोटाचं टोक शाफ्टपासून १२० मिलिमीटरवर असेल तर मागच्या रांगेच्या टोकाला जवळजवळ तीन मिलिमीटर हालचाल हरवते, आणि छोट्या हेलकाव्यात मुळात हालचाल असते तरी किती? मागे राख साचते, हवा कमी मिळते, तिथेच क्लिंकर धरतो. फायरमन मग मागची रांग हलावी म्हणून लिव्हर जास्त ओढतो आणि पुढच्या रांगांवरची आग उघडी पडते.

सगळ्या आर्मना एकच सलग लांब पट्टी लावली की ही बेरीज बंद होते. प्रत्येक रांगेला फक्त तिच्या स्वतःच्या पिनेची आणि लिव्हरच्या जोडाची ढिलाई भोगावी लागते, शेजारणीची नाही. आम्ही तसा बदल करून घेतला आणि मागची रांग पुन्हा पुढच्या रांगेइतकी हलू लागली. सलग पट्टीचा एक तोटा आहे: ती खालच्या हवेत तुलनेनं गार असते आणि शाफ्ट धरणारी चौकट जास्त तापते, त्यामुळे दोघांची वाढ सारखी होत नाही. म्हणून तिची भोकं घट्ट ठेवून चालत नाही, आणि सपाट स्थिती गरम असताना एकदा तपासून लिव्हरचा जोड जुळवावा लागतो. मला तरी हा सौदा परवडणारा वाटतो. नवीन जाळी घेताना सलग पट्टी आहे का, हा माझा पहिला प्रश्न असेल.

याला जोडूनच दुसरा प्रश्न: बार सपाट बसतात ते कशावर? फक्त लिंकनं तोलून धरलेले असतील तर पिनांची झीज थेट बारांच्या पातळीत दिसते. चांगल्या रचनेत बार चौकटीच्या किंवा शेजारच्या रांगेच्या कडेवर टेकतो, आणि शाफ्टचा आधार बारच्या वजनाच्या मध्यापेक्षा वर असतो, त्यामुळे हात सोडला की तो आपल्या भारानं सपाट येऊ पाहतो. तरीही लिव्हरला मधल्या जागी कुलूप हवंच. कारण एखादं बोट वर राहिलं की ते निखाऱ्यात घुसतं, त्याच्याभोवती राख टिकत नाही आणि ते टोक जळून जातं. बोट जळलं की तिथे भोक, भोकातून फुकट हवा आणि कच्चा कोळसा खाली. आमचे जेवढे बार निकामी झाले त्यातले बरेचसे असेच, वर अडकून.

अडकवतं कोण? बहुतेक वेळा लाकडातला खिळा, नाहीतर विटेचा तुकडा. म्हणून दोन बोटांमधली फट वर अरुंद आणि खाली रुंद असायला हवी, म्हणजे जे आत शिरलं ते खाली पडून जातं. आमच्या पहिल्या बारांत ही उतरण होती. नंतर दुसरीकडून ओतून घेतलेल्या बारांत फट वरपासून खालपर्यंत सरळ आली, आणि खिळे तिथेच पाचरीसारखे बसू लागले.

बार बिडाचे. साधं करडं बीड तापून फक्त फुगत आणि आखडत नाही, कायमचं वाढतं. साधारण साडेपाचशे अंशांच्या वर बराच काळ राहिलं की त्यातला कार्बाइड फुटून ग्रॅफाइट होतो, त्याला जागा जास्त लागते, शिवाय बारीक भेगांतून ऑक्सिजन आत शिरून लोखंड गंजतं. थोडं क्रोमियम घातलं की कार्बाइड टिकाव धरतो आणि ही वाढ मंदावते. साधी उष्णतेची वाढही लहान नाही: एक मीटर रुंदीची रांग ४०० अंशांनी तापली तर साडेचार मिलिमीटरच्या आसपास लांबते. बाजूला तेवढी जागा सोडली नसेल तर रांग भिंतीत रुतते आणि हलायचं नाव घेत नाही. जास्त सोडली तर कडेनं हवा निसटते. धुरातला ऑक्सिजन वाढतो आणि आगीला मिळायची हवा चिमणीकडे जाते. आमच्याकडे सुरुवातीला बरोबर असलेली फट बार वाढल्यावर कमी पडली आणि एक रांग जड झाली. बार उतरवून टोकं घासली, मग मोकळी झाली. इथे एक गोष्ट मनापासून आवडली: शाफ्ट उघड्या अर्धगोल खोबणीत नुसते ठेवलेले आहेत, नटबोल्ट नाही, ग्रीसही नाही. ग्रीस तिथे जळून घट्ट कोळसाच झाला असता. ढिलं, कोरडं बेअरिंग बघायला गावठी वाटतं, पण राखेत तेच चालतं.

लिव्हर हाताचा घ्यावा की हवेच्या सिलिंडरचा? जाळी लहान असेल तर मी हाताचाच घेईन. अडकलेली रांग हाताला कळते. हवेचा सिलिंडर अडलेल्या रांगेवर दाब साठवत बसतो, आणि ती सुटली की कोंडलेली हवा एकदम पसरून जाळीला हिसका देते. बिडाला हिसका सोसत नाही. मोठ्या जाळीला यंत्राशिवाय गत्यंतर नाही, मग हायड्रॉलिक बरा, चाल हळू आणि ताब्यात राहते; फक्त तेलाची नळी भट्टीच्या तोंडापासून लांब ठेवा. काहीही घ्या, मध्ये शिअर पिन, म्हणजे जोर जास्त झाला की आधी स्वतः तुटणारी पिन, असायला हवी, आणि ती तुटली की तिच्या जागी हाती लागेल तो कडक बोल्ट ठोकू नये. एकदा तो बोल्ट बसला की पुढच्या वेळी पिनेऐवजी आर्म तुटतो.

खालची बाजू लोक विसरतात. राखेचा खड्डा भरून राख बारांना खालून टेकली की बारांना गार करणारी हवाच बंद होते. बार वितळून वाकलेले दिसले तर आधी राख वेळेवर निघते का ते बघा, ओतकामाला दोष नंतर द्या. खालची हवा तापवून देत असाल तर साधारण दीडशे अंशांच्या पुढे जाताना जपून, तीच हवा बारांना थंड ठेवते. आणि हलवण्याआधी एफडी फॅन, म्हणजे भट्टीत हवा ढकलणारा पंखा, बंद करून भट्टीत चिमणीची खेच आहे याची खात्री करायची. खालून हवेचा दाब असताना राखेचं दार उघडलं तर ज्वाळा आणि गरम राख माणसाच्या अंगावर येते. लाल राखेवर एकदम पाणी ओतायचं नाही हेही नव्या माणसाला सांगून ठेवावं लागतं: वाफेचा भपका तर येतोच, पण तापलेल्या कोळशावर पाणी पडून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनही निघतात, आणि दोन्ही पेट घेणारे.

तोटे? बारीक कोळसा जास्त असेल तर प्रत्येक हेलकाव्याला थोडा कच्चा खाली जातो. राखेत काळे तुकडे आधीपेक्षा जास्त दिसतात. गवत किंवा पेंढ्यासारखं पोटॅशियम जास्त असलेलं इंधन जाळणाऱ्यांनी या जाळीकडून फार अपेक्षा ठेवू नये, त्याची राख कोळशापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला चिकट होते आणि चिकट राख बोटांनी फुटत नाही, नुसती दुमडते. हलणारे भाग आले म्हणजे सुटे भागही आले. वाफेचा दाब मात्र आता पाळीभर जवळपास सरळ रेषेत राहतो, आणि भट्टीच्या दारासमोर उभं राहण्याचा वेळ निम्म्याहून कमी झालाय.

सुट्या बारांबद्दल एक. जुना बार नेऊन ‘असाच ओतून द्या’ म्हणू नका. तो तापून वाढलेला आणि टोकांनी झिजलेला असतो, आणि त्याचाच साचा केला तर करडं बीड थंड होताना सुमारे एक टक्का आखडतं. तिन्ही चुका एकमेकींना कधी झाकतात, कधी नाही, आणि नवा बार कुठे घट्ट तर कुठे सैल बसतो. जाळी नवी असतानाच एका न वापरलेल्या बारची मापं, फटीच्या उतरणीसकट, काढून ठेवा आणि त्यात आखडण्याची भर घालून साचा करून घ्या.