आठ महिने रिकॉम्बिनंट आरएसव्ही-एफ वापरल्यावर

विकत घेतलेल्या प्रथिनाच्या सर्टिफिकेटवर ‘शुद्धता 95 टक्क्यांहून अधिक’ असं छापलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. तरीही दुसऱ्या बॅचनं आमचे तीन आठवडे खाल्ले.

काम एलायझाचं, म्हणजे प्लेटवर प्रथिन चिकटवून रक्तद्रवातली प्रतिपिंडं मोजण्याचं. त्यासाठी आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचं एफ प्रथिन हवं होतं, तेही प्रीफ्यूजन, म्हणजे पेशीशी जोडण्याआधीच्या रूपातलं. विषाणूचं आवरण पेशीच्या पटलाशी जोडताना हे प्रथिन ताणलेल्या स्प्रिंगसारखं एकदाच सुटतं, परत पहिल्या रूपात येत नाही (सुटल्यानंतरचं रूप ते पोस्टफ्यूजन). म्हणून डीएस-कॅव्ह1 घेतलं, म्हणजे पहिल्या रूपात अडकवून ठेवलेलं एफ. त्यात 155 आणि 290 या जागी सिस्टीन घालून डायसल्फाइड बंध बांधलाय, 190 आणि 207 ला मोठी अमिनो आम्लं बसवून आतली पोकळी भरलीय. तीन साखळ्या एकत्र राहाव्यात म्हणून शेपटीला फोल्डॉन हा प्रथिनाचा छोटा तुकडा. एचईके293 या मानवी पेशींत बनवलेलं, पावडर स्वरूपात आलं.

पहिली बॅच छान निघाली. व्हायल उघडण्याआधी फिरवून घ्या, नाहीतर निम्मी पावडर झाकणालाच राहते. विरघळवताना व्हॉर्टेक्स नको, फेस येतो. छोटे अ‍ॅलिकोट (वाटे) करून उणे 80 ला ठेवले. डायसल्फाइड बंध तोडून तुकडे वजनानुसार वेगळे करणाऱ्या रिड्यूसिंग जेलवर दोन बँड बघून आमच्या ज्युनिअरचा चेहरा उतरला, प्रथिन तुटलं असं वाटून. फ्युरिन या विकरानं कापलेले एफ1 आणि एफ2 आहेत ते, साधारण 50 आणि 20 किलोडाल्टनला दिसणारच. प्रथिनाला जोडलेल्या साखरेमुळे कडा धूसर येतात.

दुसऱ्या बॅचचं जेल हुबेहूब तसंच. पॅलिव्हिझुमॅब या एफला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाचा सिग्नलही चोख. पण नमुन्यांचे आकडे घसरले. प्लेट, बफर, दुय्यम प्रतिपिंड, सगळं बदलून पाहिलं. शेवटी डी25 (दुसरं प्रतिपिंड) लावला आणि सिग्नल पहिल्या बॅचच्या जेमतेम निम्मा! पॅलिव्हिझुमॅब दोन्ही रूपांना चिकटतो, डी25 फक्त प्रीफ्यूजनच्या टोकाला. कंट्रोल म्हणून इतके दिवस एकट्या पॅलिव्हिझुमॅबवर विसंबलो, ही चूक आमचीच. आधी उघडलेला अ‍ॅलिकोट काही आठवडे 4 अंशांवर पडून होता, म्हणून नवी व्हायल उघडून पाहिली. तीच गत.

पुरवठादारानं आधी जेलचा फोटो मागितला. एसडीएस हे डिटर्जंट घालून उलगडलेल्या प्रथिनाच्या फोटोत आकार कुठून दिसणार? डी25 चा आलेख पाठवल्यावर मात्र मुकाट बदलून दिलं.

आकाराचा एवढा बाऊ का, असं कुणी विचारलं तर फॉर्मॅलिन लावून निष्क्रिय केलेल्या आरएसव्ही लशीची 1966 मधली चाचणी आठवावी. लस घेतलेल्या बाळांना पुढे संसर्ग झाल्यावर आजार उलट बळावला, दोघं दगावली. त्याची कारणं एकाहून जास्त, पण अशा लशीतलं एफ बहुतांशी पोस्टफ्यूजन रूपातलं असतं हे बरंच उशिरा कळलं.

कोटिंगबद्दल एक. 9.6 पीएचच्या कार्बोनेटमध्ये रात्रभर थेट प्लेटवर चिकटवण्यापेक्षा बायोटिनवालं रूप घेऊन स्ट्रेप्टाव्हिडिन प्लेटवर धरा (स्ट्रेप्टाव्हिडिन बायोटिनला घट्ट पकडतं). महाग पडतं, पण प्रथिन कमी लागतं आणि आमचे डुप्लिकेट (एकाच नमुन्याची दोन मोजमापं) आता जुळतात. उंदरांना फोल्डॉनवालंच प्रथिन टोचलं असेल तर फोल्डॉनविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून फोल्डॉन असलेलं दुसरं असंबद्ध प्रथिन कंट्रोलला हवंच. आम्हाला हे पाचव्या महिन्यात सुचलं.

तिसरी बॅच त्यांच्याकडूनच घेतोय. या वेळी आधी त्या बॅचचा डी25 आलेख मागवला, तो काल आला, मगच ऑर्डर टाकली.