एकाच गाडीत दोन बेबी सीट: एक बेल्टने बांधलेली, एक आयसोफिक्सला अडकवलेली

गेल्या चौदा महिन्यांपासून आमच्या हॅचबॅक गाडीच्या मागच्या बाकावर लहान मुलांच्या दोन सीट आहेत. ड्रायव्हरच्या मागची सीट धाकट्या मुलाची असून ती गाडीच्या नेहमीच्या सीट बेल्टने बांधली जाते. डाव्या बाजूची सीट थोरल्या मुलीची असून ती आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या, कड्यांना अडकवलेली आहे. सुरुवातीला मुलगा दोन महिन्यांचा आणि मुलगी अडीच वर्षांची होती. आम्ही लातूरला राहतो, माझे माहेर परभणीला आहे आणि महिन्यातून एकदा तरी रेणापूर, परळी, गंगाखेड या वाटेने जाणे-येणे होते. त्याच रस्त्यांवर, त्याच माणसांच्या हातून दोन्ही पद्धती वापरल्या गेल्यामुळे त्यांतला फरक नीट पाहता आला. सीट बनवणाऱ्या कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते सीट गाडीला कशी बांधावी याविषयी आहे आणि खरेदीच्या वेळी नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नाही.

सीट घ्यायचे ठरले तेव्हा सासूबाईंना ते मुळीच पटले नव्हते. "लेकराला असं करकचून कशाला बांधायलीस गं? माझ्या मांडीवर काय पडणार आहे का ते?" असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात मायाच होती. पण मांडीवरच्या बाळाचा हिशोब एकदा मांडून पाहावा. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर आठ किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी एका क्विंटलहून अधिक वजन पेलण्याइतका जोर हातांत लागतो. आडतीवर एक क्विंटल सोयाबीन उचलायला किती हात लागतात हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे हा हिशोब सासूबाईंनी ऐकून घेतला. कायद्याची बाजूही त्यांच्या कानावर घातली. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालील मूल बेल्टने किंवा बेबी सीटने सुरक्षित न करता गाडी चालवली, तर कलम 194 ब प्रमाणे 1000 रुपये दंड आहे.

आधी बेल्टने बांधायच्या सीटविषयी लिहिते. ही सीट आठ हजारांच्या आत मिळाली आणि बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशा रीतीने ती बसवता येते. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मान कोवळी असते. तोंड मागे असेल तर समोरच्या धडकेत सारा भार पाठ, मान आणि डोके यांवर एकसारखा पसरतो. मात्र असे बसवण्यासाठी बेल्ट सीटच्या नेमक्या ठरलेल्या खाचांतून ओवावा लागतो. तोंड मागे असताना निळ्या खुणांच्या मार्गाने आणि तोंड पुढे असताना लाल खुणांच्या मार्गाने, असा या सीटचा संकेत आहे. ज्या दुकानातून आम्ही सीट घेतली तेथील मुलाने मोठ्या तत्परतेने ती गाडीत बसवून दिली, पण बेल्ट लाल खुणांतून ओवला. घरी येईपर्यंत सीट एका बाजूला झुकलेली होती. माहितीपुस्तिका उघडून सीटच्या कडेचे निळे स्टिकर शोधले, तेव्हा चूक लक्षात आली. दुकानदारावर माझा राग नाही, परंतु विक्रेत्याने बसवून दिलेली सीट बरोबरच बसली आहे असे कोणीही गृहीत धरू नये.

बेल्टची दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट एरवी मोकळा सरकत राहतो आणि जोराचा झटका बसला तरच अडकतो. मोठ्या माणसाला ते सोयीचे असते, पण बेबी सीट अशा मोकळ्या बेल्टने घट्ट राहू शकत नाही. म्हणून आमच्या सीटला बेल्ट दाबून धरणारी एक क्लिप दिलेली आहे. बेल्ट ओवायचा, बकलमध्ये जीभ अडकवायची, सीटवर एका हाताचा पूर्ण भार देऊन ती बाकाच्या गादीत दाबायची, दुसऱ्या हाताने खांद्याकडचा पट्टा ओढून सारी ढिलाई काढायची आणि मग क्लिप बंद करायची, असा तो क्रम आहे. नंतर बेल्ट जिथून जातो तिथेच सीट धरून हलवून पाहावी. ती कोणत्याही बाजूला इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. वरच्या टोकाला धरून हलवले तर मागे तोंड असलेली कोणतीही सीट थोडी हलतेच, तेवढ्यावरून ती सैल आहे असे समजू नये.

हे सगळे नीट करायला मला पहिल्या वेळी पाऊण तास लागला आणि आता पाच मिनिटे लागतात. यात एक अडथळा असा होता, ज्याचा उल्लेख कोणत्याही पुस्तिकेत नव्हता. नवी गाडी घेतली की आपल्याकडे आधी रेक्झिनची कव्हरे शिवून घेतली जातात, तशी आम्हीही घेतली होती. त्या गुळगुळीत रेक्झिनवर बेल्टने बांधलेली सीट आठवडाभरात एका अंगाला सरकत असे. शेवटी मागच्या बाकाचे कव्हर काढून टाकले आणि गाडीच्या मूळ कापडावर सीट बसवली, तेव्हा ती जागेवर राहू लागली. काही गाड्यांत बेल्टच इतका आखूड असतो की मागे तोंड असलेल्या सीटला वळसा घालून बकलपर्यंत पोचत नाही. माझ्या भावाच्या गाडीत नेमके तसे झाले. त्यामुळे पैसे देण्याआधी सीट आपल्याच गाडीत बांधून पाहणे अगत्याचे आहे.

आता आयसोफिक्स. बाकाची गादी आणि पाठ जिथे मिळतात त्या फटीत, गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या पोलादी सळईच्या दोन कड्या असतात. सळईची जाडी 6 मिलिमीटर आणि दोन कड्यांमधले अंतर 280 मिलिमीटर, हे माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहे. सीटच्या बुडातून दोन जबडे पुढे येतात, ते कड्यांवर ढकलले की दोन्हीकडे एकेक 'खट्' असा आवाज होतो आणि लाल खूण जाऊन हिरवी दिसू लागते. पहिल्या दिवशी मात्र कड्याच सापडेनात, कारण त्याही रेक्झिनच्या कव्हराखाली गेल्या होत्या. यांनी फटीत बोटे घालून चाचपत एक कडी शोधली आणि तेवढ्या शोधात नखाजवळ खरचटून घेतले. ज्यांना कव्हर ठेवायचेच असेल त्यांनी शिवणाऱ्या कारागिराला आधीच सांगून कड्यांच्या जागी काटकोनी खाचा ठेवून घ्याव्यात व त्यांच्या कडांना टाके घालून घ्यावेत.

दोन कड्यांनी काम संपत नाही, आणि पुष्कळ घरांत इथेच चूक राहते. खालच्या दोनच बिंदूंवर अडकलेली सीट धडकेत पुढच्या बाजूला उलटण्याचा प्रयत्न करते, म्हणून तिसरा आधार लागतो. आमच्या सीटला तो वरून जाणाऱ्या पट्ट्याचा, म्हणजे टॉप टेदरचा आहे. हेडरेस्टखालून पट्टा मागे नेऊन बाकाच्या पाठीमागच्या हुकात अडकवायचा आणि ताणायचा. काही सीटना त्याऐवजी गाडीच्या तळावर टेकणारा पाय असतो. तसली सीट घेताना गाडीच्या तळात सामानाचा कप्पा नाही ना हे पाहावे आणि ती कोणत्या गाड्यांत चालते याच्या, सीटसोबत येणाऱ्या यादीत आपली गाडी आहे का तेही तपासावे. जास्त भक्कम व्हावे म्हणून आयसोफिक्सच्या जोडीला बेल्टही आवळावा, अशी अनेकांची इच्छा असते, पण पुस्तिकेत तशी स्पष्ट परवानगी नसेल तर दोन्ही एकत्र वापरू नयेत.

नीट बांधलेली बेल्टची सीट आणि नीट अडकवलेली आयसोफिक्सची सीट यांत सुरक्षिततेचा मोठा फरक नसतो, असे मी वाचले होते आणि मला ते पटलेही होते. 'नीट' या शब्दाचा अर्थ मला मागच्या डिसेंबरमध्ये कळला. पहाटे परभणीला निघायचे होते, आदल्या रात्री गाडी धुण्यासाठी दोन्ही सीट काढल्या होत्या आणि सकाळच्या घाईत माझ्या धाकट्या दिरांनी त्या परत बसवल्या. गंगाखेडच्या अलीकडे धुक्यात उसाने भरलेली एक ट्रॉली, मागे दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही, अशा अवस्थेत एकाएकी पुढे दिसली आणि यांनी कचकन ब्रेक दाबला. गाडी वेळेवर थांबली. मी दोन्ही मुलांच्या मध्ये बसले होते. मुलीची सीट जागची हलली नाही, पण मुलाची सीट फिरून दाराकडे तिरकी झाली होती. गाडी कडेला घेऊन मी वाकून पाहिले, तर बेल्ट निळ्या खुणांतून अगदी बरोबर ओवलेला होता. ती दाबक्लिप तेवढी उघडी राहिली होती. मुलगा झोपेतून जागादेखील झाला नव्हता. माझे हात मात्र क्लिप बंद करताना थरथरत होते.

भाऊजी काळजी करणारे आहेत, निष्काळजी मुळीच नाहीत. आयसोफिक्सची सीट त्यांनीच त्याच पाच मिनिटांत बसवली होती आणि ती बरोबर बसली, कारण तिथे लाल आणि हिरवी अशा दोनच खुणा पाहायच्या होत्या. बेल्टची सीट बांधणाऱ्याच्या हातावर आणि आठवणीवर अवलंबून राहते. आमच्यासारख्या घरात, जिथे आजी-आजोबा, काका आणि कधी गावाकडचा ड्रायव्हरही मुलांना गाडीत बसवतो, तिथे हा फरक किमतीच्या फरकापेक्षा मला मोठा वाटतो. आयसोफिक्सच्या सीटला आम्हाला सोळा हजार रुपये पडले, म्हणजे बेल्टच्या सीटच्या दुपटीहून जास्त, आणि तरीही एकच गाडी असलेल्या व ती अनेकांच्या हाताखाली असलेल्या कुटुंबाने तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लग्नसराईत आम्ही सासऱ्यांच्या जुन्या जीपने जातो, कधी भाड्याची गाडी करतो. जीपमध्ये आयसोफिक्सच्या कड्या नाहीत, त्यामुळे मुलीची महागडी सीट तिथे निरुपयोगी ठरते. अशा वेळी हलकी, कोणत्याही तीन बिंदूंच्या बेल्टने बांधता येणारी सीटच उपयोगी पडते. नुसता कमरेचा पट्टा असलेल्या मधल्या जागेवर तिची बांधणी होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. ज्यांची गाडी वारंवार बदलते त्यांनी बेल्टचीच सीट घ्यावी आणि घरातल्या एकाच माणसाने ती बांधायची असा नियम करावा. आमच्याकडे त्या दिवसापासून ते काम माझे आहे. दोन्ही पद्धतींनी बसणाऱ्या सीटही मिळतात आणि आज पुन्हा खरेदी करायची असती तर मी मुलासाठी तशीच घेतली असती.

आयसोफिक्सला वजनाची मर्यादा असते. युरोपीय मानकात सीट आणि मूल मिळून 33 किलो ही मर्यादा धरलेली आहे. मुलगी आता साडेपंधरा किलोची झाली आहे आणि तिच्या सीटचे आतले पट्टे 18 किलोपर्यंतच वापरायचे आहेत. त्यानंतर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारे आसन येईल, ज्यात गाडीचा बेल्टच मुलाला धरतो, म्हणजे फिरून बेल्टपाशीच यायचे आहे. मुलगा वर्षाचा झाल्यावर त्याचे तोंड पुढे करा, असे दुकानात सांगितले होते. आम्ही केले नाही. युरोपच्या बेबी सीटसाठीच्या नव्या आर 129 मानकात 15 महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवणे बंधनकारक आहे. आमच्या सीटला मागे तोंड ठेवून 13 किलोपर्यंत चालते आणि तो दहा किलोचा असल्यामुळे अजून बरेच दिवस तसाच बसेल. मागे तोंड असलेली सीट पुढच्या आसनावर, एअरबॅग चालू असताना, कधीही ठेवू नये, हेही इथेच सांगून ठेवते.

मराठवाड्याच्या हवेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीतल्या बकलची धातूची जीभ मुलांच्या मांडीला चटका देते, म्हणून आम्ही गाडी लावताना सीटवर पांढरे सुती उपरणे पसरतो आणि मुलाला बसवण्यापूर्वी बकल स्वतःच्या मनगटाला लावून पाहतो. परभणीच्या थंडीत मात्र जाड स्वेटर काढूनच पट्टे आवळायचे आणि वरून दुलई घालायची, कारण जाड कपड्यांवरून घट्ट भासणारा पट्टा प्रत्यक्षात सैल असतो. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला, तर तो आणखी ओढायचा.

नवीन गाडी घेणाऱ्यांनी भारत एनकॅपचा, म्हणजे गाड्यांची धडक देऊन तपासणी करून त्यांना तारे देणाऱ्या सरकारी चाचणीचा, अहवाल जरूर वाचावा. ही चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू असून तीत मुलांच्या सुरक्षिततेला 49 गुणांचे वेगळे माप आहे. दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या प्रतिकृती बेबी सीटमध्ये बसवून गाडीची धडक घेतली जाते. नुसते तारे मोजण्यापेक्षा मुलांचे गुण किती आणि कड्या कोणत्या जागांवर आहेत, हे शोरूममध्ये विचारावे. आमच्याकडे विक्री करणाऱ्या मुलाला ते सांगता आले नव्हते, शेवटी मागचे दार उघडून आम्हीच फटीत हात घालून पाहिले.